शेरा : पंखा लवकर थांबला

बिघाड एका होकारामुळे झाला. हेडक्लार्कने आयुष्यात असा पटकन होकार कधी दिला नव्हता. लग्नाच्या वेळीसुद्धा त्याने विचार करायला चार दिवसांची मुदत मागून घेतली होती. पण त्या रविवारी ताईच्या संगणकाने ‘नवी आवृत्ती आली आहे, बसवू का?’ असं विचारलं, आणि त्याने चहाचा कप न ठेवताच ‘हो’वर बोट दाबलं. चाळीस मिनिटांनी संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि ताईची खोली गप्प झाली.

ही खोली गप्प होणं म्हणजे काय, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळणार नाही. ताई म्हणजे हेडक्लार्कची मोठी बहीण. तिला जन्मापासून दिसत नाही. तिच्या संगणकात बावीस वर्षांपूर्वी एक कार्ड बसवलेलं होतं. पडद्यावर जे उमटेल ते हे कार्ड मोठ्याने वाचायचं. आवाज पुरुषाचा होता, पण कोणत्या वयाच्या पुरुषाचा ते सांगता येत नसे. रिकाम्या बालदीत तोंड घालून कुणी सावकाश जबानी द्यावी, तसा तो यायचा. घरातले लोक आपली भाषा रोमन अक्षरांत टाइप करत आणि तो ती परदेशी घशातून बोले. ताईने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की इतरांना फक्त गुणगुण ऐकू येई. बंद दारामागून ती गुणगुण आली की हेडक्लार्कची बायको म्हणे, “ते उठले वाटतं.” ती त्या आवाजाचा उल्लेख नेहमी आदरार्थी करायची. बावीस वर्षं घरात असलेल्या माणसाला अरेतुरे कसं करणार?

आता ते उठेनात.

“किती दिवस लागतील?” ताईने विचारलं.

“दोन,” हेडक्लार्क म्हणाला. तो पाणीमीटर खात्यात नोकरीला होता. तिथे ‘दोन दिवस’ हा आकडा नसून एक नम्र उद्गार समजला जातो.

पण ताईला आकडा हवा होता. सुनावण्यांच्या टेप ऐकून त्यांचा मजकूर टाइप करणं हे तिचं काम. त्यावर ती एकतीस वर्षं स्वतःच्या पायांवर उभी होती. काम देणाऱ्या कचेरीने कळवलं, पुढच्या महिनाअखेरपर्यंत वाट पाहू, नंतर काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. नवे संगणक नवे आवाज घेऊन येतात, हेही तिला ठाऊक होतं. तिने ते ऐकले होते. “त्या बायका गोड बोलतात,” ती म्हणाली, “पण माझ्या वेगाला आल्या की धापा टाकतात. मला हाच हवा.”

दुरुस्तीवाल्याने संगणक उघडला, कार्डाकडे पुराणवस्तूसारखं पाहिलं आणि पुन्हा झाकण लावलं.

“कार्ड ठणठणीत आहे. याच्या प्रणालीचा जो गाभा असतो ना, कर्नल, तो नवा आला आणि त्यात या कार्डाचा भाग घातलेला नाही. कुणी वापरत नाही म्हणून.”

“आम्ही वापरतो.”

“तुम्ही म्हणजे कुणी नाही. मनाला लावून घेऊ नका. पण उपाय आहे. ही प्रणाली फुकटची, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. मूळ लिखाण सगळ्यांना उघडं असतं. ते उतरवून घ्यायचं, हवे ते भाग निवडायचे आणि गाभा घरच्या घरी कंपाइल करायचा.”

“मग द्या ना करून.”

“मी फक्त स्क्रीन बदलतो,” दुरुस्तीवाला म्हणाला.

खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यात भेटले. त्यांना हकीकत सांगितली. दंतवैद्यांचा सल्ला गेल्या वीस वर्षांत बदललेला नव्हता. “काढून टाका,” ते म्हणाले. “मुळापासून. अशा गोष्टी ठेवल्या की शेजारच्यालाही त्रास होतो.”

या एका वाक्यामुळे हेडक्लार्क पेटला. बी.ए. झालेला माणूस, अठ्ठावीस वर्षं नोंदी ठेवलेला, तो एक गाभा बांधू शकत नाही? त्याने ‘कंपाइल’ला ‘बांधणी’ असा प्रतिशब्द मुक्रर केला, मूळ लिखाण उतरवून घेतलं आणि संगणकावर ‘नोंदवही’ नावाची एक फाइल उघडली. तारीख, बांधणी क्रमांक, निकाल, शेरा. क्रमांक त्याला घालावा लागत नसे. प्रत्येक बांधणीला यंत्र आपणहून पुढचा आकडा टाके. हेडक्लार्कला हे फार आवडलं. ज्याने कुणी हे लिहिलं असेल, त्याने कुठल्यातरी कचेरीत नक्की काम केलं असणार.

बांधणीच्या आधी यंत्र प्रश्न विचारतं. किती, ते दुरुस्तीवाल्याने सांगितलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी चारशे झाले, तेव्हा हेडक्लार्कला वाटलं, संपत आले. एकूण पाच संध्याकाळी लागल्या. शहाण्या माणसाने बहुतेक ठिकाणी नुसतं एंटर दाबून पुढे जायचं असतं, पण सरकारी प्रश्नाला न वाचता उत्तर देणं हेडक्लार्कच्या रक्तातच नव्हतं. त्याने प्रत्येक प्रश्न प्रतिज्ञापत्रासारखा घेतला. यंत्रात चौसष्टपेक्षा जास्त प्रोसेसर आहेत का, असं विचारल्यावर त्याने झाकण उघडून मोजले. एक भरला.

“सगळ्याला नाही म्हणा,” बायको दारातून म्हणाली. “उगाच आहे म्हटलं तर कुणीतरी तपासायला यायचं.”

ताई खाटेवर बसून ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. ज्या यंत्राला वाचा नाही त्याच्यापुढे ताईचं काय काम, असं हेडक्लार्कने मनात धरलं होतं, आणि मनात धरलेल्या गोष्टी तपासून पाहायची पद्धत खात्यात नव्हती.

शेवटाकडे एक प्रश्न आला : प्रयोगावस्थेतले भाग घ्यायचे का? हेडक्लार्क ताठ बसला. “प्रयोग? ताईच्या यंत्रावर?” त्याने बाणेदारपणे ‘नाही’ दाबलं.

बांधणी क्रमांक एक तीन तास चालली. पंखा घोंघावला, पडद्यावरून हजारो नावं वर सरकत गेली. नवा गाभा सुरू झाला, पण कळफलक चालेना. काटकसरीच्या भरात हेडक्लार्कने कळफलकालाही नाही म्हटलं होतं. क्रमांक दोनमध्ये कळफलक घेतला, पण डिस्क वाचण्याची पद्धत राहिली. यंत्राने सुरू होताक्षणीच पडद्यावर लिहिलं की आपण घाबरलो आहोत, आणि जागच्या जागी थिजलं. हेडक्लार्कने शब्दकोश काढून पाहिला. खरोखरच तसं लिहिलं होतं.

“कशाला घाबरलंय?” बायकोने विचारलं.

“मुळाचा पत्ता लागत नाही म्हणतंय.”

“बघा,” दंतवैद्य म्हणाले. ते आताशा संध्याकाळी वर येऊ लागले होते. “मूळ. मी काय म्हणत होतो?”

क्रमांक आठपर्यंत यंत्र घाबरायचं थांबलं, पण बोललं नाही. कार्डाचा एक पत्ताक्रमांक असतो, तो गाभ्याला सांगावा लागतो, असं हेडक्लार्कला परदेशातल्या एका चर्चास्थळावरून कळलं. तिथे त्याने ‘विषय’ आणि ‘महोदय’सह रीतसर अर्ज टाकला होता आणि महोदयांपैकी एकाने दीड ओळीत उत्तर दिलं होतं. आकडा कार्डासोबतच्या पुस्तिकेत असणार. पुस्तिका हरवली होती. तेव्हा तो कार्ड देणाऱ्या साहाय्यक-उपकरण कार्यालयात रजा टाकून गेला.

तिथल्या कारकुनाने रजिस्टर उघडलं. “हे कार्ड नऊ वर्षांपूर्वी निर्लेखित झालंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे अस्तित्वात नाही.”

“आमच्या घरी आहे.”

“असेल तर ते जमा करावं लागेल. नसेल तर माहिती देता येत नाही. आता बोला, आहे की नाही?”

हेच वाक्य हेडक्लार्कने स्वतः किती पाणीमीटरधारकांना ऐकवलं होतं, त्याची नोंद नव्हती. तो “नाही” म्हणून घरी आला, आणि आल्याआल्या ताईने विचारलं, “काय झालं रे? आज बोलेल का?”

तो बूट न काढताच संगणकापुढे बसला आणि नववी बांधणी लावली. तीही मुकीच निघाली. मग त्याने नोंदवहीत लिहिलं : ‘क्रमांक नऊ. अयशस्वी. शेरा : आवाज परत आला तरी ताईचं समाधान होणार नाही. तिला आवाज नको आहे, राबायला माणूस हवा आहे.’

लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. शेऱ्याचा उपयोगच तो असतो. साहेबांबद्दलचे कितीतरी शेरे त्याने लिहून फाडले होते. हा मात्र फाडायचा राहिला, कारण कागदच नव्हता.

दोन दिवसांनी त्याने पुढची बांधणी केली. यंत्राने क्रमांक टाकला : अकरा.

हेडक्लार्कने चष्मा पुसला. नवानंतर दहा येतात याबद्दल खात्यात कधी दुमत नव्हतं. त्याने नोंदवही उघडली. त्याच्या नऊच्या नोंदीखाली एक नवी नोंद होती. तीच मांडणी, तोच कोरडा सूर. ‘क्रमांक दहा. अयशस्वी. शेरा : पंखा लवकर थांबला.’

ही नोंद त्याने केलेली नव्हती. त्याने पंख्याकडे कधी लक्षही दिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो सहा वाजता घरी आला की आधी यंत्राच्या पाठीला हात लावून पाही. पाठ गरम असे, ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखी. पडदा काळा, खोलीत सावल्या, ताई खाटेवर शांत बसलेली. आकडा तेरावर गेला. ‘शेरा : डिस्क मध्येच दोनदा थबकली. रडल्यासारखी.’ हेडक्लार्क ती ओळ तीनदा वाचून मागे सरला. रडल्यासारखी हा शब्द खात्यातल्या कोणत्याही शेऱ्यात बसत नव्हता.

दंतवैद्यांनी जिन्यात अडवलं. “भाऊसाहेब, दुपारी तुमच्याकडे कोण टाइप करतं? माझी खुर्ची बरोबर त्या खोलीखाली आहे. पेशंट तोंड उघडून पडलेला असतो आणि वरून टकटक, टकटक. स्पीड उत्तम आहे. म्हणजे तुम्ही नाही, एवढं नक्की.”

“मी ऑफिसात असतो.”

“तेच म्हणतो मी,” दंतवैद्य म्हणाले आणि आवाज खाली आणला. “आणि एक सांगू? काल ते मध्येच थांबलं. मीही थांबलो. पेशंटही. मग अगदी सावकाश, एक एक अक्षर करत पुन्हा सुरू झालं.”

बायको दुपारी ग्रंथालयात कामाला. तिने शपथेवर सांगितलं की ती त्या खोलीत झाडायलासुद्धा जात नाही. ते बोलायचे बंद झाल्यापासून तिला तिथे अवघडल्यासारखं वाटतं. उरली ताई.

“ताई, दुपारी त्या खोलीत कोण असतं?”

“मी असते.”

“तुझ्याशिवाय?”

“माझ्याशिवाय कोणी नाही.”

हे ऐकून हेडक्लार्कच्या अंगावर काटा आला. म्हणजे बिचारीला पत्ताच नाही. तिच्या शेजारी बसून कुणीतरी टाइप करतं, आणि तिला दिसत नाही.

त्या रात्री त्याला भलताच संशय आला, की हे आपणच तर नव्हे? ऑफिसातून दुपारी उठून, घरी येऊन, बांधणी करून, आपण परत खुर्चीत जाऊन बसत असू का? दुसऱ्या दिवशी त्याने शिपायाला विचारलं, “मी दुपारी जागेवर असतो ना?” शिपायाने बराच विचार केला. “असता,” तो म्हणाला, “पण साहेब, नसलात तरी कळणार नाही.”

महिनाअखेरीला सहा दिवस उरले, तेव्हा हेडक्लार्कने अर्धी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असं लिहिलं.

दुपारी दीडला त्याने स्वतःच्या घराचं कुलूप चोरासारखं उघडलं. बोळात थंडावा होता. ताईच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं, आणि आतून टकटक येत होती, सलग, न अडखळता. त्याने फटीतून पाहिलं. खिडकीचा पडदा ओढलेला. संगणकाचा पडदाही काळा, कुणी लावलेलाच नव्हता. अंधारात दोन हात कळफलकावर चालत होते. मग ते थांबले. एक हात उठला आणि यंत्राच्या पाठीवर स्थिर झाला, डॉक्टरने श्वास मोजावा तसा. पंखा घोंघावू लागला.

“बूट काढ, बाबू,” मान न वळवता ताई म्हणाली. “आणि हळू बोल. मला डिस्क ऐकू दे.”

हेडक्लार्कने बूट काढले. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

“तू करतेस हे?”

“मग कोण?”

“पण... हे बोलत नाही. तुला दिसत नाही. पडदासुद्धा बंद आहे.”

“पडदा लावून मी काय करू?” ताई म्हणाली. “तीन तास पंखा चालला की बांधणी पूर्ण. वीस मिनिटांत थांबला की कुठेतरी अडली. एवढं तर बाहेरच्या खोलीतूनही कळतं. कुठे अडली ते मात्र कळत नाही.”

“आणि हुकूम? ते कुठून शिकलीस?”

“तुझ्याकडून. तू टाइप करताना प्रत्येक अक्षर पुटपुटतोस. लहानपणी पाढेही असेच लिहायचास. महिनाभर ऐकलं, झालं पाठ. नोंदवहीचं नावही तूच पुटपुटलास.”

हेडक्लार्क खुर्चीत बसला. प्रत्येक अक्षर. मग नववा शेराही पुटपुटलो असेन का? त्या दिवशी ती खाटेवर होती का? बाल्कनीत होती का? काही केल्या आठवेना. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. एरवीही फारसं दिसत नसे.

“मला सांगायचंस तरी,” तो घुश्श्यात म्हणाला.

“तू विचारलंस तेव्हा सांगितलं की. मी असते म्हटलं.”

“कार्डाचा पत्ताक्रमांक लागतो. त्याशिवाय काही होणार नाही. मी त्या कार्यालयात जाऊन आलो...”

“तीन-तीन-शून्य,” ताई म्हणाली.

“काय?”

“बसवणाऱ्या माणसाने खाली वाकून तीनदा मोठ्याने म्हटला होता. बावीस वर्षं झाली. दहाव्या बांधणीपासून तोच घालतेय. तरी बोलत नाही. तू प्रश्नांना काय उत्तरं दिलीस? त्या वेळी मला कुणी विचारलं नाही.”

मग ते दोघं प्रश्न घेऊन बसले. हेडक्लार्क वाचे, ताई ऐके. ताईने फक्त एका ठिकाणी हात वर केला. प्रयोगावस्थेतल्या भागांना नाही का म्हटलंस? हेडक्लार्क तत्त्वाची गोष्ट सांगू लागला. पण ‘हो’ दाबल्याबरोबर एक अख्खं नवं दालन उघडलं, आणि त्याच्या तळाशी तिच्या कार्डाचं नाव होतं. दालनालाच कुलूप घातल्यावर आतल्या कपाटाची चौकशी कोण करणार? दोन महिने गाभ्याने कार्डाबद्दल त्याला एकदाही विचारलं नव्हतं, कारण त्याने विचारण्याची परवानगीच दिली नव्हती.

रविवारी सकाळी सतरावी बांधणी पूर्ण झाली. बायको दारात उभी होती. दंतवैद्य बोलावल्याशिवाय आले होते. यंत्र बंद झालं, चालू झालं. पंखा एकदा फिरून मंद झाला. मग बालदीच्या तळातून, सावकाश, कोणत्याच वयाचा नसलेला तो आवाज म्हणाला, “बांधणी. एक. सात.”

बायकोने नकळत केस सारखे केले. “उठले,” ती म्हणाली.

ताईने दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले होते. हेडक्लार्कने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी त्याला नववा शेरा आठवला. तो खोडायचा राहिला होता. सहा दिवस बांधणीशिवाय त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि नेमकं हे खोडणंही सुचलं नव्हतं. आता खोडायचा म्हणजे नोंदवही उघडायची, आणि उघडली की हा वाचणार. दाबलेली प्रत्येक कळसुद्धा हा मोठ्याने सांगणार. स्वतःच्या हाताने, दोन महिने खपून, त्याने स्वतःविरुद्धचा साक्षीदार उभा केला होता.

“ताई, आधी चहा घेऊ. बाहेर बसू.”

“थांब. तुझी नोंदवही ऐकू दे. त्यात मी लिहिलं, पण तू काय लिहिलंस ते मला वाचता आलं नाही.”

“त्यात काय ऐकायचं? तांत्रिक आहे सगळं.”

तिची बोटं आधीच चालली होती. तिने वेग वाढवला, आपल्या नेहमीच्या वेगावर नेला, आणि आवाजाची गुणगुण झाली. शब्द वेगळे काढणं हेडक्लार्कच्या आवाक्यातलं नव्हतं. पहिली बांधणी गेली असेल. चौथी. आता सहावी का? की शेरा होऊनही गेला? तो तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला. तिच्या कपाळावर एक आठी उमटली नाही.

“काय म्हणताहेत?” दंतवैद्य कुजबुजले.

गुणगुण थांबली. ताईने बाण दाबत दाबत काही ओळी वर नेल्या. दारातल्यांना पडदा दिसत नव्हता, हेडक्लार्कला दिसत होता. पडद्यावरची लुकलुकती खूण नवव्या नोंदीखाली येऊन उभी राहिली, बरोबर त्याच्या शेऱ्याच्या पायाशी. मग तिने वेग कमी केला, अगदी कमी, सगळ्यांना कळेल इतका, आणि टाइप करू लागली. आवाज एक एक अक्षर मोजून बोलू लागला, आणि शेवटी त्याने अख्खा शब्द उच्चारला.

“मान्य.”

“वा,” दंतवैद्य म्हणाले. “काम मंजूर झालं तुमचं, भाऊसाहेब. शाबास.”

हेडक्लार्कने मान हलवली. काय मान्य, असं विचारायची सोय नव्हती. तिने आज वाचलं की त्याच दिवशी ऐकलं होतं, हेही विचारायची सोय नव्हती.

“बाबू,” ताई म्हणाली, “उद्यापासून संध्याकाळी तू मोकळा. दार ओढून घे, मला काम आहे.”

त्याने दार ओढून घेतलं. बोळात येऊन तो बराच वेळ उभा राहिला. आत ते पूर्ण वेगाने काहीतरी सांगत होते, न थांबता, दोन महिन्यांचं साचलेलं असावं तसं. मध्येच ताई हसली. पुन्हा गुणगुण झाली, पुन्हा ती हसली. हेडक्लार्कने दाराला कान लावला, पण त्या वेगाला एक अक्षर कळत नव्हतं.